सेंट अँड्रूजचा ओल्ड कोर्स

सेंट अँड्रूजचा ओल्ड कोर्स : स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्रूज या गावचे जगप्रसिद्ध गोल्फ-मैदान. गोल्फमध्ये ‘टी’ या आरंभस्थानापासून चेंडू टोलवीत नेऊन आखूड गवताच्या ‘ग्रीन’वरील खळीत घालावयाचा असतो. या साऱ्या टप्प्यास ‘होल’ म्हणतात, तर निपुण खेळाडूस त्यासाठी जितके टोले पुरावेत, त्या संख्येस ‘पार’ अशी संज्ञा आहे. ओल्ड कोर्सवर अठरा होल असून एकूण पार ७२ आहे. यांतील कोणता होल अधिक अवघड आणि कोणता अधिक चांगला, हा वाद शतकाहून अधिक काळ चालू आहे. अवघडपणा सरासरी टोल्यांवरून मोजता येतो. आकर्षकतेला मात्र असे परिमाण नाही, आणि या मैदानावर या दोन गोष्टी नेहमी एकत्र नांदत नाहीत.

मैदानाची जमीन कोणीही आखलेली नाही. समुद्राने मागे टाकलेली वाळू, तीवर वाढलेले खुरटे गवत, सशांची बिळे आणि वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी उकरलेले खळगे यांतून ती घडली. या खळग्यांचेच पुढे ‘बंकर’ म्हणजे वाळूचे अडथळे झाले. त्यांची संख्या आज ११२ आहे. वर्धा जिल्ह्यातील काळ्या जमिनीसारखी माती येथे असती, तर हा खेळ असा घडलाच नसता. पावसात चिकटणाऱ्या व उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या त्या जमिनीवर चेंडू घरंगळत नाही. सेंट अँड्रूजची वाळू पाणी शोषून घेते, पृष्ठभाग टणक राहतो आणि चेंडू पडल्यानंतरही दूरवर धावतो. त्यामुळे चेंडू कोठे पडेल यापेक्षा तो कोठे थांबेल, याचा विचार खेळाडूस करावा लागतो. ही जमीन आपल्याकडील गायरानासारखी गावाच्या सामाईक वहिवाटीची होती. आर्चबिशप जॉन हॅमिल्टन याने १५५२ मध्ये दिलेल्या सनदेत तेथे खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क मान्य केलेला आढळतो.

पूर्वी खेळाडू एकाच वाटेने जात व त्याच वाटेने परतत. अशा फेरीत बावीस होल होत. १७६४ मध्ये सुरुवातीच्या चार होलचे दोन करण्यात आले आणि फेरी अठरांची झाली. आज जगभर रूढ असलेल्या अठरा होलचे मूळ येथे आहे. जाण्यायेण्याची वाट एकच असल्याने सात ग्रीन दोन-दोन होलना सामाईक आहेत. एका ग्रीनवरील दोन होलच्या क्रमांकांची बेरीज नेहमी अठरा येते, ही त्यातील गंमत. पहिला, नववा, सतरावा व अठरावा एवढ्यांच्याच ग्रीन स्वतंत्र आहेत. पूर्वी मैदान उलट्या दिशेनेही खेळले जाई. बाराव्या होलचे बंकर आज टीवरून दिसत नाहीत, याचे कारण हेच. ते उलट दिशेने येणाऱ्याच्या मात्र नजरेसमोर असतात. नवख्याला हा अन्याय वाटतो. ज्याला बंकरांच्या जागा पाठ आहेत, त्याला हाच आखूड होल प्रिय असतो.

अवघडपणात सतराव्या ‘रोड’ होलचा क्रमांक सामान्यतः पहिला लागतो. २०१५ च्या ओपन स्पर्धेत पारच्या तुलनेत सर्वाधिक टोले याच होलवर लागले. याची लांबी सु. ४५३ मी. व पार ४ आहे. पहिला टोला उजवीकडच्या हॉटेलच्या आवारावरून मारावा लागतो. तेथे पूर्वी रेल्वेच्या शेड होत्या. जो जितका आवार ओलांडण्याचे साहस करील, त्याला पुढचा टोला तितका सोपा. ग्रीन अरुंद व तिरपी आहे. तिच्या पुढ्यात डाव्या अंगाला खोल ‘रोड बंकर’, तर मागे रस्ता आणि दगडी भिंत. बंकर टाळावा तर रस्ता, रस्ता टाळावा तर बंकर, अशी ही कोंडी आहे. १९७८ मध्ये जपानचा त्सुनेयुकी नाकाजिमा दोन टोल्यांत ग्रीनवर पोहोचला होता. पण ग्रीनवरील उताराने त्याचा चेंडू बंकरमध्ये गेला आणि त्याला या होलसाठी नऊ टोले लागले. १९८४ मध्ये टॉम वॉटसनचा दुसरा टोला रस्त्यापलीकडे भिंतीजवळ गेला व सहाव्या ओपन विजेतेपदाची त्याची संधी हुकली. याउलट २०२२ मध्ये कॅमरन स्मिथने बंकरवरून चेंडू उडविण्याचा मोह टाळला, सपाट काठीने तो बंकरला वळसा घालून ग्रीनवर नेला, पार राखला आणि एका टोल्याच्या फरकाने स्पर्धा जिंकली.

अकरावा होल लांबीने जेमतेम १६० मी. असून पार ३ आहे. एडन नदीच्या मुखाकडे तोंड असल्याने वारा येथे मोकाट असतो. ग्रीनचा मागून पुढे येणारा उतार एवढा तीव्र आहे की, ग्रीनपलीकडे गेलेला चेंडू परत आणताना तो खळीजवळ थांबविणे कठीण होते. समोर ‘हिल’ व ‘स्ट्रॅथ’ हे बंकर आहेतच. १९२१ मध्ये तरुण बॉबी जोन्स येथील बंकरमधून बाहेर पडू न शकल्याने स्पर्धा सोडून गेला. त्याच जोन्सने १९२७ ची ओपन याच मैदानावर जिंकली आणि पुढे १९५८ मध्ये गावाने त्याला मानद नागरिकत्व दिले. २०१५ मध्ये वाऱ्याने याच ग्रीनवरील चेंडू हलू लागल्याने खेळ कित्येक तास थांबवावा लागला. लांबीने आखूड होल अवघड कसा असू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. चार्ल्स मॅक्डोनल्डने अमेरिकेत नॅशनल गोल्फ लिंक्स हे मैदान रचताना ‘रोड’ व ‘एडन’ या दोन्ही होलचे नमुने उचलले, ते योग्यच होते.

चौदावा होल सु. ५६५ मी. लांब. वाटेत ‘हेल’ म्हणजे नरक नावाचा प्रचंड बंकर आहे. १९९५ मध्ये जॅक निक्लाउसला त्यातून सुटण्यास चार टोले लागले व या होलसाठी एकूण दहा. तथापि येथे डावीकडून वळसा घेऊन, एखादा टोला जादा खर्चून, सुखरूप जाता येते. अशी पर्यायी वाट देणारा होल केवळ शिक्षा करणाऱ्या होलपेक्षा श्रेष्ठ मानावा लागतो.

अठरावा होल मात्र या मोजमापात बसत नाही. लांबी सु. ३२६ मी., बंकर एकही नाही, आणि पहिल्या होलबरोबरची सामाईक हिरवळ इतकी रुंद की भरकटलेला टोलाही बहुधा सांभाळला जातो. १८६४ पासून मैदानाची देखभाल करणाऱ्या टॉम मॉरिसचे नाव या होलला आहे. ग्रीनपुढील ‘व्हॅली ऑफ सिन’ या खळग्याखेरीज येथे अडथळा असा नाही. तरीही १९७० मध्ये डग सँडर्स एक मीटरहूनही कमी अंतरावरून खळ चुकला व दुसऱ्या दिवशीच्या निर्णायक फेरीत निक्लाउसकडून हरला. २०१५ मध्ये जॉर्डन स्पीथचा चेंडू त्याच खळग्यात परतला आणि एका टोल्याने तो निर्णायक फेरीस मुकला. टोल्यांच्या सरासरीत सोपा ठरणारा हा होल शेवटचा असल्याने, आणि गावाची घरे ग्रीनला भिडलेली असल्याने, प्रेक्षकांना सर्वाधिक आवडतो.

आधुनिक काठ्या व चेंडू यांमुळे टोल्यांची लांबी वाढली आणि या होलनी विचारलेले प्रश्न सोपे होऊ लागले. म्हणून २०१० च्या ओपनसाठी सतराव्याची टी सु. ३७ मी. मागे नेण्यात आली. २०१२ च्या अखेरीस अकराव्याच्या ग्रीनचा उतार काही भागात कमी करण्याचे व रोड बंकरभोवतीची जमीन बदलण्याचे काम हाती घेण्यात आले, तेव्हा मैदान-रचनाकारांनी तीव्र विरोध केला. हा विरोध अनाठायी नव्हता. चेंडूला आवर घालण्याऐवजी जमीन बदलणे म्हणजे जुन्या वास्तूचे दार पाहुण्याच्या उंचीप्रमाणे फोडण्यासारखे होते. चेंडूच्या चाचणीचे निकष कडक करण्याचा निर्णय नियामक संस्थांनी २०२३ मध्ये जाहीर केला. मोठ्या स्पर्धांचे अपवाद वगळता रविवारी मैदान खेळासाठी बंद असते व गावकरी तेथे फिरावयास येतात.