आकाशाची छायाचित्रं – ६ : ध्रुवताऱ्याच्या जरा बाजूला

मागच्या भागात ट्रॅकर घेताना काय पाहावं ते बोललो. आता तो ट्रायपॉडवर चढवू. त्याचं काम एवढंच, की २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी या गतीने कॅमेरा पृथ्वीच्या उलट फिरवत राहायचा. पण त्याचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर नसेल, तर गती कितीही अचूक असो, फोटोतले तारे सरकणारच. ही जुळवणी म्हणजे पोलर अलाइनमेंट.

अक्ष उचलायचा तो आपल्या अक्षांशाइतका. पुण्याला साडेअठरा अंश, नागपूरला एकवीस, पणजीला साडेपंधरा. ट्रॅकरच्या अक्षातून बघायची छोटी दुर्बीण म्हणजे पोलर स्कोप. युरोपातल्या हौशी मंडळींना त्याखाली मान मोडावी लागते, आपल्याला जवळजवळ समोर बघायचं असतं. तेवढाच फायदा. एवढ्या खाली धूळ आणि गावांचा उजेड असतो, आणि उत्तरेला एखादा डोंगर आला की संपलंच. जागा ठरवताना म्हणून आधी उत्तर बघा, देवळाची दीपमाळ आणि झाडं नंतर.

ध्रुवतारा सापडला की बरेच जण तो स्कोपच्या मधोमध आणून मोकळे होतात. पण तो खऱ्या खगोलीय ध्रुवापासून सुमारे ३८ कला दूर आहे, म्हणजे पूर्णचंद्राच्या बिंबाहून थोडा जास्तच. (अंशाचा साठावा भाग ती कला, कलेचा साठावा भाग ती विकला.) या चुकीने तारा सेकंदाला जास्तीत जास्त ०.१७ विकला घसरतो, तीन मिनिटांत तीस. २४ मिमीच्या लेन्सवर हे जेमतेम एक पिक्सेल, खुशाल सोडून द्या. १३५ मिमीवर मात्र पाचेक पिक्सेल होतात आणि ताऱ्याची अळी दिसू लागते.

यासाठीच स्कोपमध्ये घड्याळासारखं वर्तुळ कोरलेलं असतं. त्या घटकेला ध्रुवतारा त्यावर कुठे हवा ते मोबाइलवरचं अ‍ॅप दाखवतं. ढोबळ पडताळा हवा असेल, तर ध्रुवापासून ध्रुवतारा साधारण शर्मिष्ठेच्या बाजूला असतो. स्कोपमध्ये चित्र उलटं दिसतं, एवढं मात्र लक्षात ठेवा. नोव्हेंबरच्या रात्री नऊला सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, तेव्हा शर्मिष्ठेचाच आधार.

कॅमेरा आणि लेन्स आधी चढवा, जुळवणी मग. वजनाने सगळं किंचित झुकतं. तारा जागेवर आणायचा तो ट्रायपॉडचे पाय न हलवता, ट्रॅकरखालच्या तिरक्या आधाराच्या, म्हणजे वेजच्या, स्क्रूंनीच. बाजूचे दोन स्क्रू एकमेकांविरुद्ध असतात : एक सैल केल्याशिवाय दुसरा आवळू नका. शेवटचा पीळ देताना डोळा स्कोपलाच हवा, कारण तारा पळतो तो नेमका तेव्हा.

इतक्या कमी उंचीवर वातावरण ध्रुवताऱ्याला तीनेक कला उचलून दाखवतं. त्याची काळजी मोठ्या दुर्बिणी लावणाऱ्यांनी करावी, १३५ मिमीवाल्यांनी नको.