चेहरा दाखवा, खाते उघडा

आमच्या मामांनी गेल्या वर्षी घरबसल्या बँकेत खाते उघडायचे ठरवले. खुर्ची खिडकीजवळ ओढली, चष्मा पुसला, पॅनकार्ड हाताशी ठेवले. पडद्यावर आलेल्या मुलीने जन्मतारीख विचारली. मामा क्षणभर अडखळले आणि शेजारी बसलेल्या मामींनी ती पटकन सांगून टाकली. कॉल तिथेच संपला, अर्ज नामंजूर झाला. दोन दिवस मामा मामींशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला विचारले, ‘‘खातं नाही मिळालं ते राहू दे. पण माझा तो व्हिडिओ आता कुणाकडे आहे?’’

या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते पुढे देत आहे.

नियम तसा कडक आहे

व्हिडिओ केवायसीला, म्हणजे व्हिडिओ कॉलवर ग्राहकाची ओळख पटवण्याला, रिझर्व्ह बँकेने ९ जानेवारी २०२० रोजी परवानगी दिली आणि मे २०२१मध्ये तिचा आवाका वाढवला. मामींचे सांगणे चूक ठरले ते याच नियमावलीमुळे. ग्राहकाला बाजूने कुणी उत्तर सुचवत आहे असे दिसले तर अर्ज फेटाळायचा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. हेतू चांगला आहे, कारण कुणी धाक दाखवून किंवा फसवून दुसऱ्याच्या नावावर खाते उघडू नये. पण आपल्याकडे सत्तरीपुढची माणसे फोनवरचे कुठले काम एकटी करतात?

नियम ग्राहकाच्या बाजूनेही बरेच काही सांगतो, ते मात्र कुणी वाचून दाखवत नाही. कॉल बँकेच्या स्वतःच्या प्रशिक्षित अधिकाऱ्यानेच करायचा. संमती आधी घ्यायची आणि तिची नोंद बदलता येणार नाही अशी ठेवायची. ग्राहकाचा फोन आणि बँकेची यंत्रणा यांच्यातला सगळा प्रवाह कूटबद्ध हवा. विदा (डेटा) भारतातच राहायला हवी. आधार क्रमांक झाकायला हवा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तंत्रज्ञान बाहेरच्या कंपनीचे किंवा क्लाउडवरचे असले तरी कॉल संपल्यावर चित्रफितीसह सगळे काही बँकेच्या ताब्यातल्या सर्व्हरवर यायला हवे; मधल्या कंपनीकडे काहीही उरता कामा नये.

स्थळाचीही नोंद होते. ग्राहक भारतात आहे याची खात्री करायची असल्यामुळे परदेशी आयपी पत्त्यावरून आलेला कॉल अडवला जातो. दुबईतला किंवा न्यू जर्सीतला मराठी माणूस मुंबईच्या बँकेत अशा कॉलवर खाते उघडायला बसला की अडतो तो इथेच.

कॉल वेगळा, सेल्फी वेगळी

व्हिडिओ केवायसी म्हणजे समोरासमोरचे बोलणे. सेल्फी तपासणीत माणूस नसतो. ॲप कॅमेरा उघडते, ‘मान डावीकडे वळवा, डोळे मिचकावा’ म्हणते आणि छायाचित्र कागदपत्रावरच्या फोटोशी जुळवून पाहते. बोलताना आपण दोन्हींना ‘केवायसी’च म्हणतो आणि गोंधळ तिथून सुरू होतो. पहिल्या प्रकाराभोवती नियमांची तटबंदी आहे. दुसरा प्रकार कर्ज देणारी ॲप, वॉलेट, क्रिप्टोचे व्यवहार, भाड्याने घर शोधून देणारी संकेतस्थळे असा कुठेही भेटतो.

कर्जाच्या ॲपपुरते बोलायचे तर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२मध्येच बजावले आहे. फोनमधल्या फायली, फोटो, संपर्कयादी, कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक आणि ठिकाण यांची परवानगी केवायसीपुरती, एकदाच आणि ग्राहकाच्या स्पष्ट संमतीने घ्यायची. कायद्याने मुभा दिली नसेल तर बायोमेट्रिक माहिती ॲपच्या यंत्रणेत साठवायची नाही. वसुलीसाठी संपर्कयादीतल्या नातेवाइकांना फोन करून बेअब्रू करणाऱ्या, सेल्फी विद्रूप करून पाठवणाऱ्या बेकायदा ॲपना अर्थातच यातले काही लागू पडत नाही, कारण ती कुणाच्या नोंदवहीतच नसतात.

चेहऱ्याचे होतात आकडे

यंत्र चेहरा आपल्यासारखा ‘ओळखत’ नाही. चेहऱ्याची ठेवण ते आकड्यांच्या एका लांबलचक रांगेत बदलते. कागदपत्रावरच्या फोटोची रांग आणि समोरच्या चेहऱ्याची रांग यांत किती अंतर आहे ते मोजते. अंतर ठरवलेल्या मर्यादेच्या आत असेल तर माणूस तोच. मर्यादा सैल ठेवली तर तोतया आत शिरतो, आवळली तर खरा माणूस बाहेर राहतो. दहा वर्षांपूर्वीचा आधारवरचा फोटो आणि आजचा चेहरा यांत आपल्याच घरचे लोकही गोंधळतात आणि हसतात; यंत्राला दोष काय द्यायचा. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानके ठरवणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०१९मध्ये अनेक अल्गोरिदम तपासले. त्यांतल्या बऱ्याच अल्गोरिदमच्या हातून आशियाई आणि आफ्रिकी चेहऱ्यांच्या बाबतीत चुकीची जुळणी गोऱ्यांपेक्षा १० ते १०० पट अधिक झाली.

आकड्यांची ही रांग चोरीला गेली तर काय, ही खरी काळजी. पासवर्ड बदलता येतो, कार्ड रद्द करता येते. नाक-डोळे जन्माचेच.

तोतयाही हुशार झाला

हाँगकाँग पोलिसांनी ऑगस्ट २०२३मध्ये एक टोळी पकडली. तिच्याकडे चोरलेली आठ ओळखपत्रे होती. त्यांवरच्या चेहऱ्यांचे डीपफेक करून टोळीने चेहरा-तपासणीला किमान २० वेळा चकवले होते. म्हणजे ज्या तपासणीसाठी आपण चेहरा देतो, तीच चोरलेल्या चेहऱ्याने पार करता येते. गळती झाली तर त्याच चेहऱ्याने दुसरीकडे खाते उघडले जाऊ शकते. व्हिडिओ कॉलवरचा अधिकारी प्रश्नांचा क्रम दर वेळी बदलतो तो यासाठीच. नियमाने तसे करणे त्याला भाग आहे.

गळती बहुधा भिंतीतून होत नाही

सर्व्हर फोडणारा हॅकर आपल्या डोळ्यांपुढे असतो. प्रत्यक्षात माहिती अनेकदा दारातून जाते. कॉइनबेस या क्रिप्टो कंपनीने मे २०२५मध्ये जाहीर केले, की परदेशातल्या ग्राहकसेवेच्या काही कर्मचाऱ्यांना लाच देऊन ६९,४६१ ग्राहकांची माहिती बाहेर नेली गेली. तिच्यात ओळखपत्रांची छायाचित्रेही होती. त्याच वर्षी जुलैत ‘टी’ या अमेरिकी ॲपमधून सुमारे ७२,००० छायाचित्रे फुटली. त्यांपैकी सुमारे १३,००० ही ओळख पटवण्यासाठी महिलांनी दिलेल्या सेल्फी आणि ओळखपत्रे होती. तपासणी झाली की सेल्फी पुसून टाकू, असे त्या ॲपने सांगितले होते. ही दोन्ही उदाहरणे बँकांची नाहीत. पण सेल्फी घेणारे ॲप, ती साठवणारा क्लाउड आणि पडद्यापुढे बसलेला कर्मचारी ही साखळी सगळीकडे सारखीच असते.

व्हिडिओ राहतो किती काळ?

काळे पैसे पांढरे करण्याला प्रतिबंध करणाऱ्या २००२च्या कायद्यानुसार ग्राहकाच्या ओळखीची कागदपत्रे, खाते बंद झाल्यावर किंवा व्यवहाराचे नाते संपल्यावर, किमान पाच वर्षे जपून ठेवावी लागतात. पंचविशीत उघडलेले खाते साठाव्या वर्षी बंद केले, तर ते उघडतानाचा चेहरा पासष्टीपर्यंत बँकेच्या दप्तरी. बँक हे हौसेने करत नाही, कायदाच तसे करायला लावतो. ‘माझी माहिती पुसा’ हा हक्क २०२३च्या विदा संरक्षण कायद्याने दिला आहे, पण दुसऱ्या कायद्याने जे जपायला सांगितले आहे ते या हक्कातून वगळले आहे. मामांच्या कॉलसारख्या फसलेल्या कॉलचे काय, हा प्रश्न म्हणूनच बँकेला लेखी विचारण्याजोगा आहे. तिथे ना खाते, ना व्यवहार.

विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे २०२७च्या मध्यावर लागू होतील. सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आणि गळती झाल्यास प्रत्येक बाधित ग्राहकाला कळवण्याची सक्ती, या त्यातल्या भक्कम बाजू. खटकते ते वेगळेच. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११च्या नियमांत बायोमेट्रिक माहिती ‘संवेदनशील’ म्हणून वेगळी काढलेली होती. नव्या कायद्यात तसा वेगळा वर्गच नाही. चेहरा आणि मोबाइल क्रमांक एकाच पंगतीला बसले आहेत.

ज्यांच्या पापण्या मिटत नाहीत

ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या एका महिलेला बँकेने डोळे मिचकावायला सांगितले. ते तिला शक्यच नव्हते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणे हा घटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि वीस निर्देश दिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने नियम दुरुस्त केला, की समोरचा माणूस जिवंत आहे का हे पाहण्याच्या चाचणीमुळे विशेष गरजा असलेला कुणी वगळला जाऊ नये. आपण जिवंत आहोत हे पापणी हलवून सिद्ध करावे लागते, हे लिहितानाही विचित्र वाटते.

ग्राहकाच्या हातात काय आहे

पहिली गोष्ट, व्हिडिओ केवायसी ही सोय आहे, सक्ती नाही. शाखेचा रस्ता खुला असतो.

दुसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. जुन्या खात्याची केवायसी ठरावीक काळाने ताजी करावी लागते. जोखीम जास्त असलेल्या ग्राहकाची दोन, मध्यमची आठ आणि कमी जोखमीच्या ग्राहकाची दहा वर्षांनी. पत्त्यासह कशातच बदल झाला नसेल तर ‘बदल नाही’ एवढे स्वतःचे निवेदन पुरते. ते ईमेलने, एटीएमवरून, नेटबँकिंगवरून किंवा साध्या पत्राने देता येते. त्यासाठी नवी सेल्फी कशाला?

आधारचे बायोमेट्रिक लॉक केले की सगळे सुरक्षित, असाही एक समज आहे. ते कुलूप आधारच्या पडताळणीपुरते. बँक किंवा ॲप स्वतः जी चेहऱ्याची जुळणी करते, तिला ते अडवत नाही.

कॉलला बसायचेच असेल तर दुवा बँकेच्या अधिकृत ॲपमधूनच उघडावा. ‘आज केवायसी केली नाही तर खाते गोठेल’ अशा मेसेजमधून किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या फायलीतून कधीही नाही. पाठीमागे कोरी भिंत असावी. घरातली कपाटे, मुले, औषधांच्या बाटल्या बँकेने पाहायचे कारण नाही. काम झाले की ॲपची कॅमेरा, माइक आणि ठिकाणाची परवानगी काढून घ्यावी. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. बँकेने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

मामांनी बँकेला पत्र लिहिले. व्हिडिओ कुठे आहे, किती दिवस राहील, पाहतो कोण, असे तीन प्रश्न, खाली सही. मग पिशवीत कागद घालून ते शाखेत गेले. खिडकीपलीकडच्या बाईंनी अर्ज तपासला, झेरॉक्सवर सह्या घेतल्या, आणि टॅब उचलून त्यांच्यासमोर धरला.

‘‘काका, जरा इकडे बघा.’’