पाच हजारांचा हिशेब

‘कॉलेजात शीक, निवडणुकीच्या भानगडीत पडू नकोस,’ असे आपल्या घराघरांत मुलांना बजावले जाते. ही भीती निराधार नाही. हिंसाचारामुळेच महाराष्ट्रातील विद्यार्थी निवडणुका बंद पडल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेनुसार प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. २०१६ च्या कायद्याने मतदानाची तरतूद पुन्हा केली. मात्र २०१९ मधील निवडणुका विधानसभेच्या निवडणुकीमुळे पुढे ढकलल्या गेल्या. पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांनाही हाच कायदा लागू आहे.

तरीही भीतीबरोबर नियमही पाहावेत. लिंगडोह समितीच्या २००६ च्या शिफारशींनुसार उमेदवाराने ५,००० रुपयांहून अधिक खर्च करू नये, राजकीय पक्षाचा पैसा घेऊ नये, छापील फलक लावू नयेत आणि निकालानंतर दोन आठवड्यांत तपासलेला हिशेब द्यावा.

पेढीवर रोजमेळ लिहिताना पाहिलेल्या मुलामुलींना ही शिस्त नवी नाही. ग्रंथालयाची वेळ, स्नेहसंमेलनाचा खर्च, गावाहून एस.टी.ने येणाऱ्या मुलींच्या तासिका हे प्रश्न कोणीतरी मांडावेच लागतात. चोख हिशेब ठेवणारेच दूर राहिले, तर तो हिशेब कोण मागणार?