गिटारचे मोठे कारखाने बुडाले तर माल कोणाचा घ्यावा?

आमचा भाचा माहीमच्या एका क्लासमध्ये गिटार शिकतो. परवा दुकानात येऊन त्याने विचारले, "मामू, गिब्सन आणि फेंडर उद्या बंद पडल्या तर गिटार कोणाची घ्यायची?" आम्ही कापडाचे व्यापारी, गिटारची तार आम्ही कधी छेडलेली नाही. पण हाच सवाल १९८२ च्या गिरणी संपानंतर आमच्या दुकानापुढे उभा होता. म्हणून आम्ही थोडी चौकशी केली. जे समजले ते व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे ठेवतो.

कारखाना गेला, कारागीर राहिले

गिब्सन कंपनी १९०२ साली अमेरिकेतील कलामाझू या गावी स्थापन झाली. १ मे २०१८ रोजी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. गिटारी तेव्हाही खपत होत्या. पण २०१४ साली कंपनीने फिलिप्सचा ऑडिओचा धंदा कर्ज काढून घेतला होता आणि त्या कर्जाने तिला खाली ओढले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवे मालक आले व कंपनी वाचली. आपला हुनर सोडून उधारीवर दुसऱ्याच्या धंद्यात शिरणाऱ्यांनी हा दाखला ध्यानात ठेवावा.

त्याआधीची गोष्ट अधिक बोलकी आहे. १९८४ साली गिब्सनने कलामाझूचा कारखाना बंद करून काम नॅशव्हिलला नेले. काही जुन्या कारागिरांनी गाव सोडले नाही. त्यांनी १९८५ साली त्याच जुन्या इमारतीत 'हेरिटेज' नावाने गिटारी बनवायला सुरुवात केली. म्हणजे गिब्सनचे नाव एका गावी गेले आणि ती बनवणारे काही हात दुसऱ्याच गावी राहिले. लिओ फेंडर यांनीही १९६५ साली आपली कंपनी विकली. पुढे त्यांनी 'जी अँड एल' नावाने पुन्हा गिटारी बनवल्या. जपानच्या आयबानेझने सुरुवातीला अमेरिकन गिटारींच्या नकला केल्या. त्यावरून १९७७ साली कोर्टकचेरी झाली. मग त्यांनी स्वतःचे नमुने काढले व जगभर नाव केले.

आमच्या दुकानाची हकीकत

संप झाला तेव्हा आम्ही उर्दू शाळेत शिकत होतो. अब्बांचे दुकान एकाच गिरणीच्या मालावर चालत असे. गिरणी बंद पडली तरी गिऱ्हाईक तोच शिक्का मागे. एका दलालाने तो शिक्का मारलेली थाने आणून दिली. अब्बांनी शिक्का पाहिला, कापड पाहिले नाही. पहिल्या धुण्यात कापड आटले आणि निम्मी थाने परत आली. तो तोटा भरून काढायला दोन वर्षे लागली.

पुढे भिवंडीत एक यंत्रमागवाले भेटले. त्यांचे कापड गिरणीच्या तोडीचे होते. पंधरा वर्षे आम्ही त्यांचा माल घेतला. मात्र त्यावर नाव आमच्या दुकानाचे छापले. त्यांनी कधी तक्रार केली नाही. मंदी आली तेव्हा त्यांच्याकडे दुसरा गिऱ्हाईक नव्हता, कारण बाजारात त्यांना कोणी ओळखतच नव्हते. शेवटी माग भंगारात गेले. त्यात आमचाही वाटा आहे, हे आम्ही कबूल करतो.

पारख कशी करावी

कापडवाला थानाचा काठ पाहतो. गिटारीतही मधल्या भोकाचा काठ पाहावा. लाकडाच्या रेघा वरून आत सलग उतरल्या असतील तर फळी अस्सल आहे. थर दिसले तर ती प्लायवूड. नंतर नेक डोळ्यासमोर धरून ती सरळ आहे का पाहावे. नेकच्या कडेवरून बोट फिरवावे. फ्रेटची टोके टोचली तर काम घाईचे आहे. बाराव्या फ्रेटवर तार दाबून एकदा वाजवावी. मग तिथेच बोट नुसते टेकवून वाजवावी. दोन्ही सूर जुळले नाहीत तर ती गिटार घेऊ नये. तारा फार उंच असतील तर शिकणाऱ्याची बोटे सोलतात. या कसोट्यांना कंपनीचे नाव लागत नाही. कोलकात्याची गिव्हसन असो की जपानची यामाहा, कसोटी एकच. आणि हेही लक्षात असावे की जगातील कितीतरी चांगल्या गिटारींच्या पाठीला आपल्याच देशातील शिसव लागते.

मिरजेचा दाखला

आपल्या महाराष्ट्रात मिरजेचे उदाहरण आहे. तेथील शिकलगार मंडळी मूळची तलवारींना धार लावणारी. हत्यारांचे दिवस गेले. तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब आणि मोहिद्दीन यांनी तंतुवाद्यांची दुरुस्ती हाती घेतली आणि पुढे स्वतः वाद्ये बनवली. मंगळवेढ्याकडचा भोपळा आणि मिरजेचा हात यांतून निघालेला तंबोरा मोठमोठ्या गवयांच्या मागे वाजला. पण दुसरीकडे बनलेला मालही मिरजेचा म्हणून विकला जातो, अशी कारागिरांची तक्रार होती. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आता मिरजेचे नाव कोणी उगाच वापरले तर कायद्याने जाब विचारता येतो.

कारागीर बंधूंना आमची विनंती आहे. आपल्या मालावर आपले व गावाचे नाव घाला, मग तो चपलेचा जोड असो, जरीचे काम असो की लाकडी कपाट. घाऊक व्यापारी नको म्हणेल, तरी आतल्या बाजूस का होईना घाला. मोठे दुकान उद्या बंद पडले तर गिऱ्हाईकाला तुमचा पत्ता सापडला पाहिजे. व्यापारी बंधूंनीही एकाच शिक्क्यावर दुकान चालवू नये आणि बनवणाऱ्याचे नाव दाबू नये.

भाच्यासाठी आम्ही धोबीतलावला जाऊन सहा गिटारी पाहिल्या. सर्वात प्रसिद्ध नावाची गिटार बाराव्या फ्रेटवर बेसूर निघाली. तिच्या निम्म्या किमतीची आम्ही घेतली. तिच्यावरचे नाव आम्ही त्या दिवशी पहिल्यांदाच वाचले.