उद्या मुलाखत अन् आज सर्दी? सकाळी गोळी घेण्याआधी हे वाचा

वर्षभर अभ्यास केला, मुलाखतीचं पत्र आलं आणि नेमकी आदल्या दिवशी सर्दी! अशा वेळी बरेच जण मेडिकलमधून मिळेल ती गोळी घेऊन सकाळची एसटी पकडतात. इथंच घोळ होतो. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन किंवा सेटिरिझिन असतं. नाक गळायचं कमी होतं, पण झोप आणि सुस्ती येऊ शकते. मग साहेबांनी प्रश्न विचारला की माहीत असलेलं उत्तरही पटकन सुचत नाही.

सर्दी विषाणूमुळे होते. ती अँटिबायोटिकनं जात नाही आणि एका रात्रीत तर नाहीच. त्रास मात्र कमी करता येतो. गोळी घ्यायचीच तर डॉक्टरांना विचारून झोप न आणणारी घ्या. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून गुळण्या करा. रात्री लवकर झोपा. आवाज बसला असेल तर बोलणं कमी ठेवा.

सोबत दोन रुमाल आणि पाण्याची बाटली असू द्या. आत गेल्यावर हात न मिळवता नमस्कार करा, "सर, थोडी सर्दी आहे" एवढं सांगून मोकळे व्हा. जास्त ताप असेल किंवा दम लागत असेल, तर मात्र आधी दवाखाना गाठा.