पानांची रंगपंचमी आणि झाडाची काटकसर

कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात अल्गॉन्क्विन नावाचे विस्तीर्ण उद्यान आहे. १८९३ साली स्थापन झालेल्या या उद्यानात शेकडो तळी आहेत. सप्टेंबरअखेर तेथील मेपलची झाडे लाल-केशरी होतात. थोड्या खर्चात हा देखावा पाहू इच्छिणारे लोक तळ्याकाठी तंबू ठोकून राहतात आणि स्वतःच रांधून खातात.

गंमत अशी, की त्या वेळी झाडेही काटकसरच करीत असतात! दिवस लहान होऊ लागले, की पानांतील हरितद्रव्याचे विघटन होते. प्रथिनांतील मोलाचा नत्र झाड परत घेऊन खोडात व मुळांत साठवते. हिरवा रंग ओसरला, की पानात आधीपासूनच असलेली पिवळी कॅरोटिनॉइडे दिसू लागतात. लाल अँथोसायनिन मात्र नव्याने तयार होते. त्यासाठी पानात साखर लागते. म्हणून दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री बेताची थंडी असली, की लाली खुलते.

तीच थंडी तंबूतही जाणवते. गार जमीन वहनाने अंगातील उष्णता ओढून घेते. तेव्हा तेथे पांघरुणाइतकेच जाड अंथरूणही हवे. तळ्याचे पाणी मात्र सावकाश निवते. म्हणूनच पहाटे त्याच्यावर धुके तरंगते.

हे सारे पाहायला कॅनडालाच जायला हवे असे नाही. आपल्याकडील देशी बदामाची पानेही गळण्यापूर्वी लाल होतात. यंदा हिवाळ्यात त्या झाडाखालची पाने गोळा करा आणि रंगांच्या क्रमाने मांडून पाहा. झाडाने काय परत नेले आणि काय मागे ठेवले, ते त्यांत दिसेल.