बेकु की साकु?

दिवाळीच्या सुट्टीत बडोद्याला आक्काकडे गेलो होतो. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला बडोद्याला देऊन आता सत्तावीस वर्षं झाली. दांडिया बाजारात तिच्या सासरचं जुनं घर आहे. गायकवाडांबरोबर जी मराठी कुटुंबं गुजरातेत आली, त्यांच्या वंशजांची या भागात बरीच वस्ती. घराबाहेर गुजराती, घरात मराठी, आणि आक्का रागावली किंवा फार लाडात आली की कानडी. आमची आई धारवाडची, त्यामुळे आम्हा भावंडांना राग आणि प्रेम कानडीतूनच नीट व्यक्त करता येतं.

सकाळी शेवउसळीच्या बशा समोर आल्या आणि दाजींनी विषय काढला. "प्रोफेसर, तुमचं अर्थशास्त्र जरा कामाला लावा. एक निर्णय घ्यायचाय."

दाजींचा मकरपुरा जीआयडीसीत यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा छोटा कारखाना आहे. त्यांचे वडील तात्या आयुष्यभर सायकलवरून नोकरीला गेले. दाजींनी तीस वर्षं लेथ मशीनच्या आवाजात काढली आणि दोन वर्षांपूर्वी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, लहानपणापासूनची हौस भागवली. २०१३ सालची, वापरलेली पोर्शे ९११ कॅरेरा एस घेतली. शोभेला नाही हं! रोज त्याच गाडीने ते कारखान्यात जातात. जुन्या घराच्या बोळात गाडी शिरत नाही, म्हणून थोड्या अंतरावर भाड्याची जागा घेतली आहे. २०२३च्या जानेवारीत लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, तिथे म्हणे हे वेड पक्कं झालं.

आता एका ओळखीच्या व्यापाऱ्याने त्यांना सांगितलं होतं, "तुमची गाडी द्या, वर फरक द्या, आणि त्याच मॉडेलची दुसरी घ्या. तिला कंपनीचंच पॉवर किट आहे." फरक एवढा, की तेवढ्यात आपल्या बेळगावात एक बरीशी नवी मोटार दारात उभी राहावी. दाजींचे डोळे चमकत होते. आक्का मुकाट्याने उसळीवर कांदा घालत होती.

हमालाची गोष्ट

मी एम. ए. अर्थशास्त्र. इंजिनातलं मला काय कळतं? तेव्हा दाजींनीच वहीच्या पानावर समजावून सांगितलं. साध्या कॅरेरा एसचं ३.८ लिटरचं इंजिन ४०० अश्वशक्तीचं, आणि ती मिळते मिनिटाला ७,४०० फेऱ्यांवर. किटवालं ४३० चं, ७,५०० फेऱ्यांवर. किटमध्ये इंजिनाची डोकी वेगळी, हवा आत घेणारी नळीरचना वेगळी, थंडाव्यासाठी पुढे एक जादा रेडिएटर, आणि मोकळा आवाज करणारा सायलेन्सर. सगळं कंपनीतच बसवलेलं. गल्लीतल्या गॅरेजात कुणी कॉम्प्युटर जोडून केलेली करामत नाही.

"आणि टॉर्क?" दाजींचा मुलगा, माझा भाचा, मध्येच बोलला. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे.

दाजी जरा थांबले. "टॉर्क तेवढाच. दोन्हीचा ४४०."

टॉर्क आणि अश्वशक्ती यांतला फरक मला कधीच कळला नव्हता. भाच्याने तो मार्केट यार्डातल्या हमालाच्या उदाहरणाने सांगितला. हमाल एका खेपेला किती वजनाचं पोतं उचलतो, तो टॉर्क. मिनिटाला किती खेपा करतो, त्या इंजिनाच्या फेऱ्या. आणि दोन्हींचा गुणाकार, म्हणजे ठराविक वेळात एकूण किती माल हलला, ती अश्वशक्ती. किटने पोत्याचं वजन वाढत नाही. साध्या इंजिनाचा हमाल अगदी धावपळीच्या खेपांना दमतो. ७,४०० फेऱ्यांना त्याचं पोतं हिशेबाने ३८० पर्यंत उतरलेलं असतं. किटवाला हमाल ७,५०० ला सुद्धा ४०० चं पोतं उचलतो. एवढाच काय तो फरक, आणि तो अगदी वरच्या टोकाला.

मग खरा प्रश्न असा, की त्या टोकाला आपण जातो किती वेळा? दुसऱ्या गिअरमध्येच काटा तिथवर पोहोचतो, तेव्हा ही गाडी ताशी शंभराच्या पुढे गेलेली असते. दांडिया बाजारातून मकरपुऱ्याला जाताना रिक्षा, स्कूटर, गाई आणि सिग्नल यांतून ताशी शंभर? द्रुतगती मार्गावर सुद्धा केंद्र सरकारने २०१८ साली मोटारींसाठी कमाल मर्यादा ताशी १२० ठरवली, आणि राज्यांना ती कमी करता येते. ज्या गाडीचा वेग तीनशेच्या पुढे जाऊ शकतो, तिला पहिल्या दोन-तीन गिअरमध्येच कायदा आडवा येतो.

सात दिवसांची वही

अर्थशास्त्रात पहिल्या वर्षाला घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त शिकवतात. पहिल्या भाकरीने भूक भागते, चौथीने पोट दुखतं. पण भूक किती आहे हे आधी मोजावं लागतं, अंदाजाने चालत नाही. म्हणून मी दाजींना एवढंच म्हटलं, "सात दिवस लिहून ठेवा. दिवसात किती वेळा काटा पाच हजारांच्या पुढे गेला, आणि कुठे?"

दाजी कारखानदार माणूस, मोजमापावर त्यांचा विश्वास. डॅशबोर्डवर छोटी वही ठेवली. सोमवार ते शनिवार शून्य. रविवारी पहाटे अहमदाबादच्या एक्स्प्रेस वेवर चढताना एकदा, काही सेकंद. भाच्याने खाली लिहिलं, "त्यातही सहा हजारांच्या पुढे नाही."

म्हणजे तीस घोडे आठवडाभर तबेल्यातच बांधलेले. त्यांचा खरारा, चंदी मात्र चालूच!

याचा अर्थ कंपनीचं जादा शक्तीचं इंजिन सदाच निरर्थक असं नव्हे. टर्बो असलेल्या इंजिनांचा हिशेब वेगळा आहे. याच ९११ च्या पुढच्या आवृत्तीत कॅरेरा एस ४२० अश्वशक्तीची आणि ५०० टॉर्कची झाली. तिच्या वरची जीटीएस मोठ्या टर्बोमुळे ४५० ची आणि ५५० टॉर्कची. तिथे पोतंच जड होतं, आणि ते मधल्या फेऱ्यांवर, म्हणजे रोजच्या ओव्हरटेकला उपयोगी पडेल अशा जागी. तरीही एक बारीक गोष्ट पाहावी. साध्या इंजिनाचा पूर्ण टॉर्क १,७०० फेऱ्यांपासून मिळतो, मोठ्या टर्बोचा २,१५० पासून. मिनी कंपनीनेही २०१७ साली कूपर एसची जॉन कूपर वर्क्स प्रो आवृत्ती आपल्याकडे विकली. गाड्या फक्त वीस, आणि शक्ती १९२ वरून सुमारे २१० वर नेलेली. तेव्हा अशी गाडी बघताना आकडा किती वाढला हे एक, आणि तो कुठल्या फेऱ्यांवर वाढला हे दुसरं. जाहिरातीत पहिला मोठ्या अक्षरात असतो, दुसरा बारीक.

ऊन आणि पेट्रोल

आणखी दोन गोष्टी बडोद्यात राहणाऱ्याने धराव्यात. मे महिन्यात तिथे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो. इंजिनांची शक्ती मोजताना हवा साधारण २५ अंशांची धरतात. त्रेचाळीस अंशांची हवा तिच्यापेक्षा सुमारे सहा टक्के विरळ असते. टर्बो नसलेलं इंजिन बाहेरची हवा जशी असेल तशी ओढतं. म्हणजे भर उन्हात चारशेंपैकी दहा-वीस घोडे दारातच गैरहजर!

दुसरं पेट्रोल. असली इंजिनं उच्च ऑक्टेनच्या पेट्रोलवर पूर्ण जोर देतात. आपलं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं होतं, महाग प्रकार ९५ चा. इंडियन ऑइलने २०२० साली १०० ऑक्टेनचं आणलं खरं, पण ते मोजक्याच पंपांवर मिळतं. हलकं पेट्रोल घातलं की इंजिनातले सेन्सर ठिणगी उशिरा पाडतात. इंजिन वाचतं, पण जोर कमी होतो. शिवाय २०२५ पर्यंत आपल्या बहुतेक साध्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या गाड्या साधारणपणे दहा टक्क्यांचा हिशेब धरून बनलेल्या. गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय अशा जुन्या गाडीत लाखो रुपये घालू नयेत.

कागद बोलतात

कंपनीतूनच किट बसून आलेल्या गाडीचा एक मोठा फायदा मात्र मान्य करावा लागतो. तिचे कागद सरळ असतात. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे, कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. आपल्याकडे पोरं चार पैशांत इंजिनाची शक्ती "वाढवून" आणतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. नंतर बसवायचं किट कंपनीचं असलं, तरी आरटीओ आणि विमा कंपनी यांचं म्हणणं आधी लेखी घ्यावं.

आणि ज्याला रेसट्रॅकवर जायचंय, जो महिन्यातून दोनदा काटा सात हजारांवर नेणार आहे, त्याने किट जरूर घ्यावं. त्याच्यासाठीच ते बनलं आहे.

तात्यांचा प्रश्न

रविवारी रात्री वही जेवणाच्या पाटाशेजारी आली. दाजींनी शून्यांची रांग पाहिली आणि हसले. तरी मन मानेना. "अरे, वापरलं नाही तरी आहे हे माहीत असतं ना. त्याचं सुख वेगळंच."

हे मला खोटं वाटलं नाही. हौसेला हिशेब लावणं सोपं असतं, विशेषतः हौस दुसऱ्याची असेल तर. ज्या माणसाने तीस वर्षं स्वतःसाठी काही मागितलं नाही, त्याला मी कुठल्या तोंडाने सीमान्त उपयोगिता शिकवू?

तेवढ्यात तात्या बोलले. वय त्र्याऐंशी, गुडघे गेलेले. "त्या नव्या गाडीत मला बसता येईल का रे?"

सगळे गप्प. दोन वर्षांत तात्या आहे त्या गाडीत एकदाच बसले होते. इतकी खाली गाडी, की दोघांनी धरून बाहेर काढावं लागलं. तेव्हा त्यांनी मुलाला काहीच म्हटलं नव्हतं. सायकलवरून नोकरी केलेल्या माणसाला मुलाची मोटार रोज गच्चीवरून दिसत होती, आणि तो त्यातच समाधानी आहे असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

"नाही तात्या," दाजी हळू म्हणाले. "तीही तेवढीच खाली आहे."

आक्काने पातेलं खाली ठेवलं. ती दाजींना एवढंच म्हणाली, "साकु री."

कानडी घरांत वाढलेल्यांना सांगायला नको, 'बेकु' आणि 'साकु' या दोन शब्दांत किती संसार मावतात. बेकु म्हणजे हवं. साकु म्हणजे पुरे. पण साकु नुसता नकार नाही. पानात भात वाढून झाल्यावर, पोट भरल्यावर जे म्हणतात ते साकु. मराठीतलं 'पुरे' थोडं तोडून टाकतं. साकुमध्ये तृप्ती आहे. आक्काने गाडी विका असं म्हटलं नाही. आहे ती चारशेची गाडी, तीच पुरे, एवढंच.

व्यापाऱ्याला दुसऱ्या दिवशी नकार गेला. त्या पैशातला थोडा भाग आहे त्याच गाडीवर खर्च झाला. टायर सहा वर्षांहून जुने होते, ते बदलले. ब्रेकचं तेल नवं घातलं. झिजलेले सस्पेन्शनचे रबर बदलले. दाजी फोनवर म्हणाले, "गाडी नवी झाल्यासारखी वाटते." जोर वाढला नाही, पण आहे तो रस्त्यावर नीट उतरू लागला.

उरलेल्या पैशातून त्यांनी एक वापरलेली, उंच बैठकीची साधी गाडी घेतली. रोज संध्याकाळी कारखान्यातून आले की ते तात्यांना तिच्यातून सूरसागरापर्यंत फिरवून आणतात. आक्का सांगत होती, तात्या पुढच्या सीटवर बसतात आणि वाटेत आलेल्या प्रत्येक सायकलवाल्याला आधी जाऊ द्यायला सांगतात.